येसेनिया घरी नाही

४ मार्च, मंगळवार
येसेनिया नाहीशी झाली! शनिवारपासून घरी नाही.

दुपारी लॅबमध्ये फ्राऊ लिंडनरचा फोन आला. इथल्या ज्या जर्मन संस्थेमार्फत आम्ही ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या या मुलीचं शिक्षण चार वर्षं करतोय, तिथल्या त्या. आवाज नेहमीसारखाच शांत. "तर मग, फ्राऊ देवस्थळी, तुम्ही तिला शेवटच्या पत्रात काय लिहिलं होतं?"

मी? मी काय लिहिणार?

चौदा वर्षांची आहे ती.

५ मार्च
पत्राची प्रत सापडली. शेवटची ओळ माझीच — "कधीतरी ये ना आमच्याकडे!" जर्मनमध्ये लिहिलेली. संस्थेच्या लोकांनी तिचं स्पॅनिश केलं — "आमच्याकडे ये, आम्ही तुझी वाट पाहतोय."

वाट पाहतोय!!

सत्यजित म्हणाला, "अगं क्षितिजा, हे आपण सगळ्यांनाच म्हणतो. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालासुद्धा म्हणतो."

हो. पण लिफ्टमधला माणूस कधी निघत नाही.

६ मार्च
नकाशा उघडला. ना पासपोर्ट, ना विमानाचे पैसे; तिथून निघणारे सगळे उत्तरेलाच निघतात. तिच्या गावापासून उत्तरेची सरहद्द, मग अख्खा मेक्सिको. या वाटेवर मुलींचं काय होतं ते वाचायला घेतलं. दुसऱ्या परिच्छेदाला बंद केलं.

८ मार्च
अन्वीला सांगितलं नव्हतं. पण आठ वर्षांच्या पोरीला भिंतीआडचं सगळं ऐकू येतं. आज तिने कपाटातला स्वतःचा एक कप्पा रिकामा केला. विचारलं तर जर्मनमध्येच — "इथे येसेनियाचे कपडे मावतील."

मी ओरडले तिच्यावर. काही कारण नव्हतं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

११ मार्च
चार वाजता व्हिडिओ कॉल — तिथे सकाळचे नऊ. शाळेची खोली, फळ्यावर अर्धवट पुसलेली गणितं. वडील बोलत होते, संस्थेची दुभाषी सांगत होती. "ती तुम्हाला मानते. कुठे आहे कळलं तर आधी मला सांगा." तीनदा म्हणाले. मीही शब्द दिला. तिचा फोटो मोठा करून बसथांब्यांवर लावायला सांगितला, फ्राऊ लिंडनरच्या मागे लागून पोलिसांत पुन्हा कळवायला लावलं.

आई शेजारीच. मान खाली. मी विचारलं, "जाताना काही बोलली का तुमच्याशी?" ती एवढंच म्हणाली — "माहीत नाही."

डोळे कोरडे! लेक दहा दिवस बेपत्ता, आणि ही स्वतःच्या नखांकडे बघत बसते. मला राग आला. कॉल संपल्यावर सत्यजितला म्हणालेसुद्धा, "कसली आई आहे ही?"

१३ मार्च
ट्रामच्या थांब्यावर फोन. सरहद्दीजवळ एक ट्रक उलटला. आत माणसं कोंबलेली होती. मेलेल्यांत एक मुलगी, चौदा-पंधराची, ओळख पटलेली नाही. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "मी खात्री करतेय. तोवर काही धरून चालू नका."

ट्राम आली, गेली. दुसरी आली, गेली. एक म्हातारे गृहस्थ येऊन "बरं वाटतंय ना?" विचारून गेले. मी नुसतं हो, हो म्हणत राहिले.

घरी देवासमोर बसले. ती मुलगी येसेनिया नसू दे, असं म्हणायचं होतं. म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी असू दे? तशीच उठले. सत्यजितने अन्वीला जेवायला वाढलं.

१४ मार्च
ती नव्हती.
हायसं वाटलं. मग लाज. त्या मुलीचंही काही नाव असेल.

१५ मार्च
बसथांब्यांवर फोटो लागलेत. फ्राऊ लिंडनरनी छायाचित्र पाठवलं. शाळेच्या गणवेशात हसतेय. वडील स्वतः गावोगाव फिरून लावतायत म्हणे. निदान त्यांना तरी पोटतिडीक आहे!

१८ मार्च
राजधानीतल्या मुलींच्या एका वसतिगृहातून मेल आला. तिथल्या सिस्टरनी माझ्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर माझं नाव शोधून काढलं. येसेनिया त्यांच्याकडे आहे. जिवंत! आमच्याकडे यायला ती निघालीच नव्हती. ईस्टरनंतर वडिलांनी तिचं लग्न ठरवलं होतं, चाळिशीतल्या माणसाशी. आईनेच तिला पहाटेच्या बसमध्ये बसवून दिलं.

खाली येसेनियाच्या दोन ओळी — "थांब्यांवरचे माझे फोटो काढून टाकायला सांगा. बाबांना कळलं तर ते आईला जिवंत ठेवणार नाहीत."

वाचत असतानाच फ्राऊ लिंडनरचा फोन. "वडील पुन्हा विचारतायत. तुम्हाला काही कळलं का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.