देवीच्या झाडाचा खुंट

थार्गेलिओन महिना, शुद्ध चतुर्थी

शेजारच्या दिफिलोसवर फिर्याद झाली — आमच्या नि त्याच्या बांधावरचा अथीनादेवीच्या पवित्र ऑलिव्हचा खुंट त्याने उपटला म्हणून. सिद्ध झालं तर शेत जप्त आणि माणूस हद्दपार.

खुंट त्याने उपटलेला नाही. भावोजींनी उपटलाय. ह्यांनी स्वतः पाहिलं — भावोजी बैल जुंपून ओढत होते. आज शेतावरून आल्यावर मला सांगितलं. मी कुणाला सांगू? बाईची साक्ष अथेन्सात कोण घेतं?

षष्ठी

हे आर्केनोर गुरुजींकडे जाऊन आले. आल्यापासून तेच. "अन्याय सोसण्यापेक्षा करणं वाईट. करणाऱ्याचा आत्मा नासतो." मसुराचं कालवण गार झालं.

भावोजी जेवायला होते. भाकरी मोडत म्हणाले, "दादा, नासलेला आत्मा कुणाला दिसतो? नासलेलं पीक दिसतं. त्या खुंटाला दरवर्षी नांगर अडायचा माझा."

"न्यायाने वागतो तोच सुखी."

"मग दिफिलोसला विचारून ये, किती सुखी आहे ते."

मला हसू आलं. मग लाज वाटली.

नवमी

सरळ विचारलं, "साक्ष देणार ना?"

"सख्ख्या भावाविरुद्ध बोलणं हा न्याय आहे का, ते आधी ठरायला हवं."

पुन्हा गुरुजींकडे गेले.

एकादशी

अजून ठरलेलं नाही.

त्रयोदशी

पाण्यावर दिफिलोसची बायको भेटली. डोळे सुजलेले. तरी माझा हंडा तिनेच भरून दिला. म्हणाली, "तुमचे दीर काल घरी आले होते. पोरांना अंजीर दिले. जेवायला बसवलं, पण घास उतरेना त्यांच्या घशाखाली. भला माणूस हो."

तिच्याकडे बघवेना.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बघ, गुरुजी म्हणतात ते हेच." आणि चपला घालून तिकडेच निघाले. भावाकडे नाही, गुरुजींकडे.

पौर्णिमा

सुनावणी झाली. हे न्यायसभेच्या टेकडीवर पोचले तोवर भावोजी पंचांपुढे उभे राहून सांगून मोकळे झाले होते — खुंट मी उपटला.

दिफिलोस सुटला. भावोजी उद्या हद्दपार होऊन मेगाराच्या वाटेला लागतील.

निरोप घ्यायला आले, तेव्हा हे आत भिंतीकडे तोंड करून बसलेले. दारातूनच मला म्हणाले, "वहिनी, दादाला बोल लावू नका. त्याचंच ऐकून गेलो मी."