पटक्याची गाठ

आबा, परवा मी गावाकडं, वाशीजवळच्या आपल्या डोंगरावर गेलो होतो. तिथं आता पवनचक्क्या झाल्यात आणि माझ्या मित्राला त्या जवळून बघायच्या होत्या. तो एसटीत ड्रायव्हर होता. यंदाच त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. "काका, नीट आणून सोडा," त्याची सून मला म्हणाली. पिशवीत भाकरी, पाणी, त्याच्या गोळ्या घेतल्या आणि तुमचा जुना पटकाही घेतला. सोबत गल्लीतला किराणावाला होता. पटका बघून तो हसला, "कुणाचं लगीन हाय का वर?"

चढताना वारं पाठीवर होतं, कळलं नाही. वर डोंगराची ती सोंड लागते ना, दोन्हीकडं उतार असलेली, तिच्या टोकाला ड्रायव्हर फोटो काढायला गेला. मी नको नको म्हणत होतो. एवढ्यात असं वारं आलं की त्याची टोपी दरीत गेली आणि तो मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक.

"छातीत दुखतंय का?" मी ओरडलो.

"छाती न्हाय रं. पाय उचलंनात."

किराणावाला फोन लावत होता, लागत नव्हता. मला काही सुचेना. आणि तिथंच मला आपण दोघं दिसलो. मी लहान आहे, आपण गवत कापायला आलोय. तुम्ही डोक्याचा पटका सोडता, एक टोक माझ्या कमरेला बांधता, दुसरं तुमच्या. दुसरी पोरं ओरडतात, "शेळी आली, शेळी!" मी रडत गाठ सोडू लागतो, तर तुम्ही हातावर चापट मारता. "लाज खाली गेल्यावर काढ. हितं वाऱ्यात तिचं काय काम?"

मी बसूनच सरकत त्याच्यापर्यंत गेलो. पटका त्याच्या कमरेला बांधला, मग माझ्या.

"बैल बांधायलास व्हय रं?"

"बैल ऐकतो तरी."

तो हसला तेव्हा मला जरा श्वास आला. वारं आलं की बसायचं, गेलं की उठायचं, तुम्ही शिकवलेलं तसं. किराणावाला पुढं वाट दाखवत, मागं आम्ही दोघं. प्रत्येक झोताला वाटायचं, आता त्याच्या सुनेला काय तोंड दाखवू. खाली लिंबाच्या सावलीत त्याच्या तोंडावर रंग आला. त्यानं भाकरी मागितली तेव्हा मी सगळी पिशवीच त्याच्यापुढं ठेवली.

त्या दिवशी तुम्ही पटका फक्त माझ्यासाठी बांधला होता का, आबा? तुमचेही पाय कापत होते का? आजवर कधी मनात आलं नव्हतं. आता विचारायला तुम्ही नाही, म्हणून हा कागद पटक्याच्या घडीत ठेवून पेटी लावतो.

एक राहिलं. लिंबाखाली तो म्हणाला, "आता तरी सोड की." मी म्हणालो, गाठ लई घट्ट बसलीय, सुटंना. तसंच बांधून त्याला सडकेपर्यंत आणलं. गाठ सुटत होती, आबा.