तुमच्या बंधूंच्या मांडीबाबत खुलासा

तीर्थरूप वन्सं यांना साष्टांग नमस्कार (गुडघा वाकेनासा झाल्यापासून मी तो उभ्यानेच घालते, तरी पूर्ण धरावा).

तुमची दाढ काढल्याचं कळलं. काढल्या दिवशी गुळण्या करू नका असं मी फोनवर बजावलं होतं, म्हणजे तुम्ही त्या केल्याच असणार, तेव्हा त्याबद्दल आता काही बोलत नाही. भाऊजींचा खोकला कसा आहे? खोकताना तोंडावर पंजा नाही, कोपर धरायचं म्हणावं. ही गोष्ट माझ्याकडची सहा वर्षांची पोरं शिकली आहेत आणि भाऊजी तर पदवीधर आहेत.

इकडे सर्व क्षेम. म्हणजे माझं क्षेम. तुमच्या बंधूंचं काय ते तुम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. 'ही मला रोज संध्याकाळी मांडीवर मारते' असं त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं, आणि 'मारून झाल्यावर वर आकडेही मोजते' अशी पुस्ती जोडली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी काही नाकारत नाही. पण तुम्ही रविवारी येऊन सोक्षमोक्ष लावणार आहात असं त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितलं, तेव्हा तुम्ही एकच बाजू ऐकून निघू नये म्हणून हे पत्र. आणि वन्सं, खुलासा हे निमित्त झालं. गेल्या पंधरवड्यात जे घडलं ते कुणाला तरी सविस्तर सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

त्याचं असं झालं. आम्हा शाळेच्या नर्सांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं. मी नाक मुरडत गेले. आजारी पोरांच्या खोलीत उभी हयात गेली, आता मला कोण काय शिकवणार, असा माझा तोरा. (तो खोटाही नव्हता. गणिताच्या तासाला दुखणारं पोट आणि खरोखर दुखणारं पोट मी दारातूनच ओळखते. खरं दुखत असलं की पोर गप्प असतं, गणितवालं वर्णन करतं. नाकात गेलेले मणी, कानात गेलेलं खोडरबर, दिव्याला टेकवून तापवलेला थर्मामीटर, सगळं पाहून झालं आहे.) शिकवायला आलेली मुलगी माझ्या निम्म्या वयाची, पायात पळायचे बूट. तिने प्रत्येकीच्या हातात एक जाडसर पेन दिलं. लिहायचं नव्हे. एखाद्या मुलाला एखादा पदार्थ चालत नसतो, आणि चुकून पोटात गेला तर घसा सुजतो, श्वास अडतो. तेव्हा डॉक्टरची वाट न बघता मांडीच्या बाहेरच्या बाजूला हे दाबायचं. टक् असा आवाज येतो, आत औषध जातं, आणि ते पूर्ण जाईपर्यंत मोजत दाबून धरायचं. आम्हाला दिलेलं सरावाचं होतं, बिनसुईचं. मी ऐटीत उचललं, टोपण काढलं, आणि उलटं धरून आपलाच अंगठा टोकावर ठेवून दाबलं. टक्!

"बाई," ती मुलगी म्हणाली, "औषध तुमच्या अंगठ्यात गेलं. अंगठा ठणठणीत होईल. मुलाचं काय?"

शेजारच्या शाळेची नर्स फिसकन हसली. (पुढच्याच क्षणी तिनेही स्वतःच्या अंगठ्याला औषध दिलं, तेव्हा मी हसले नाही. मान हलवली फक्त.) वन्सं, दुसरा कुठला प्रसंग असता तर मी घरी येऊन त्या मुलीच्या नावाने बोटं मोडली असती. पण मला चेव चढला! इतक्या वर्षांनी मला काहीतरी येत नव्हतं! कॉलेजात असताना पहिल्यांदा शीर सापडली नव्हती, त्यानंतर असं अंग शहारलेलं आठवत नाही. मी सरावाचं पेन मागून घेतलं आणि परीक्षा शाळेत येऊन घ्या असं सांगून आले.

चेव चढण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते माझ्या खोलीसमोरच्या बाकावर बसलेलं असे. आमच्या पहिलीत एक मुलगी आहे, तिला सगळे भोवरा म्हणतात, कारण ती एका जागी दिसतच नाही. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तर तिचा घसा सुजतो. हे पेन देण्याची परीक्षा पास झालेलं माणूस शाळेत असल्याशिवाय तिला एकटीला ठेवता येत नाही, आणि तसं माणूस शाळेत नव्हतं (म्हणजे मी नव्हते). म्हणून भोवऱ्याची आई शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत त्या बाकावर, मांडीवर पिशवी धरून. ती शहरातली बस चालवते. चालवत होती म्हणायचं. बिनपगारी रजा काढून बसलेली. महिना संपायच्या आत कामावर गेली नाही तर तिची बस दुसऱ्याला देणार होते. मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची, हे तुमच्यापासून लपवत नाही. बोलायची नाही, तक्रार करायची नाही, नुसती माझ्या खोलीत बघत बसायची. मला वाटे, मी पट्टी सरळ बांधते की नाही हे तपासते आहे. एकदा मी म्हटलं, "अहो, जरा फिरून या, पाय आखडतील." ती म्हणाली, "बाई, मला बसायची सवय आहे." एवढंच.

तर सराव. आधी मी गादीच्या तक्क्यावर केला, पण तक्क्या दचकत नाही. खरं पोर दचकतं, पाय झाडतं. घरात पाय झाडणारं एकच माणूस होतं आणि ते निवृत्त होऊन खुर्चीत पेपर वाचत होतं, एक पाय लांब करून. (अशा वेळी मनुष्याने काय करावं?) पहिल्या संध्याकाळी तुमचे बंधू पेपरासकट उडाले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले. मग मी वेळ बदलत गेले, कारण खरी वेळही सांगून येत नाही. दाढी करताना, फोनवर बोलताना, एकदा तर ते वाण्याकडे निघाले असताना दारात. "अगं, मी माणूस आहे!" ते ओरडले. मी म्हटलं, "म्हणूनच." आठवड्याच्या शेवटी माझा हात असा बसला की बघत राहावं. अंगठा बाजूला, मनगट ताठ, एकच ठोसा, टक्, आणि मोजणं.

आणि इथेच, वन्सं, तुमच्या बंधूंनी तो पराक्रम केला जो त्यांनी तुम्हाला सांगितलेला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांनी ते पेन लपवलं. आता मी ते पेन माझ्या कपाटाच्या किल्लीच्याच दोरीला अडकवलं होतं. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही दिलेल्या माळेपेक्षा मी ती जास्त वापरली आहे. रात्री ती खुंटीवर. तुमच्या बंधूंनी दोरीसकट सगळं काढून धान्याच्या डब्यात टाकलं. सकाळी घाईत मी परीक्षेची वाक्यं पुटपुटत, गळा न चाचपता निघाले. जन्मात पहिल्यांदा.

परीक्षा मैदानावर. कवायतीचे मास्तर रोगी झाले होते. त्यांना नुसतं आडवं पडून घुसमटायचं होतं, पण अंगात कला असलेला माणूस, त्यांनी शिटी वाजवत प्राण सोडायला सुरुवात केली. खिडक्या-खिडक्यांतून पोरं लोंबत होती. मी धावले (हो, धावले, गुडघ्याने तोंड उघडलं नाही). एकाला अँब्युलन्सला फोन करायला पिटाळलं (खोटा), दुसऱ्याला गर्दी हटवायला लावली, मास्तरांना सरळ झोपवलं, पाय उंच केले. शिकवणारी मुलगी मान डोलावत होती. मग मी ऐटीत गळ्याशी हात नेला.

गळ्यात गळाच होता.

मी खोलीकडे पळाले. कपाट बंद. खरं पेन आत, भोवऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून, नीट, उभं, कुलपात. मी दार ओढलं, हलवलं, आतल्या बाटल्या दात वाजवल्यासारख्या वाजल्या. मागे कुणीतरी उभं होतं. भोवऱ्याची आई. तिने पिशवी उघडली, आपल्याजवळचं दुसरं पेन काढून तळहातावर धरलं.

"मी याच्यासाठीच बसते, बाई," ती म्हणाली.

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला टोमण्याला उत्तर देता येतं. मैदानावरून मास्तरांचा आवाज आला, "बाई, मी मेलो का? उठू का?" शिकवणारी मुलगी म्हणाली, "मेलात. उठा."

मी घरी फोन लावला. "कुठलं पेन?" तुमचे बंधू म्हणाले, ज्या सुरात तुमचे बंधू लहानपणी 'कुठला लाडू?' म्हणत असतील त्या सुरात. नंतर सायकलवरून आले, एका पायात चप्पल, एका पायात बूट, आणि दोरी सगळ्यांसमोर माझ्या हातात देऊन म्हणाले, "मला वाटलं, एक संध्याकाळ तरी सुट्टी मिळावी." यावर मुख्याध्यापकांसकट सगळे हसले. मी नव्हे.

शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, "किल्ली असती तरी, बाई, हे कुलपात का?" मी तिला ऐकवलं. औषध कुलपात असतं. हे मला शिकवलं गेलं, हे मी पाळलं, माझ्या कपाटातून आजवर गोळी म्हणून इकडची तिकडे झालेली नाही. "बाकीचं राहू दे कुलपात," ती म्हणाली, "हे एवढं एक नको." माझं उत्तर तयार होतं, पण धावण्याचा हिशेब गुडघ्याने नेमका तेव्हाच मागितला आणि मला समोरच्या बाकावर बसावं लागलं. बसले आणि समोर पाहिलं. त्या बाकावरून, वन्सं, माझ्या हातातली पट्टी दिसत नाही. खाट दिसत नाही, टेबल दिसत नाही. फक्त कपाट दिसतं, आणि त्याचं कुलूप. ती बिचारी इतके दिवस माझ्याकडे नव्हे, त्या कुलपाकडे बघत होती.

मी उठले. शिपायाकडून खिळा आणि हातोडी घेतली, खोलीबाहेरच्या भिंतीवर, मोठ्यांच्या हाताला येईल आणि पोरांच्या येणार नाही अशा उंचीवर मी स्वतः खिळा ठोकला (दोन वाकले, तिसरा बसला), आणि भडक लाल पिशवीत पेन घालून तिथे लटकवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "भिंतीला नुकताच रंग दिलाय." मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग ते म्हणाले, "लाल शोभतंय."

चार दिवसांनी परीक्षा पुन्हा. या वेळी मास्तरांना मरायला वेळच मिळाला नाही. ते "आई गं!" म्हणून खरोखर ओरडले आणि त्या मुलीने तिथल्या तिथे मला पास केलं. मी टाळ्यांना वगैरे भाळत नाही हे तुम्ही जाणताच, पण खिडक्यांतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या मी शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. संध्याकाळी भोवऱ्याची आई खोलीत आली आणि खुर्चीत बसून पाय पुढे करून म्हणाली, "मला एकदा मारून दाखवा." मी सरावाचं पेन मारलं. टक्. मोजलं. ती मांडी चोळत म्हणाली, "जोरात मारता हो." मी म्हटलं, "हळू मारून चालत नाही." तिने आपल्याजवळचं पेन भोवऱ्याच्या दप्तरात ठेवलं आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

सोमवारपासून बाक रिकामा आहे! दुसऱ्या तासाला शाळेसमोरून बस जाते आणि दोनदा हॉर्न वाजतो. भोवरा वर्गात मान वर करते, पुन्हा खाली घालते. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेजवळ हॉर्नला बंदी आहे, तुम्ही त्या बाईंना सांगा. मी म्हटलं, सांगते. मी सांगणार नाही.

असो. भाऊजींना नमस्कार. दाढेची जागा जिभेने चाचपू नये.

तुमची (कामापुरती आज्ञाधारक)
वहिनी

ता. क. रविवारी अवश्य या. भाऊजींनाही आणा, दोघांनीही जाड कपडे घालून या. मुख्याध्यापकांनी आता शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना शिकवण्याचं काम माझ्यावर टाकलं आहे, आणि मला अनोळखी मांड्यांची फार निकड आहे. तुमचे बंधू आता दचकत नाहीत, त्यामुळे सरावाला निरुपयोगी झाले आहेत. भाऊजी चांगले दचकतील असं वाटतं.

ता. क. २. ते लंगडतात ते माझ्यामुळे नव्हे. धान्याच्या डब्यात दोरी लपवून अंधारात परत येताना त्यांनी खाटेच्या पायावर करंगळी आपटली. करंगळीला पट्टी मीच बांधली. तेव्हा त्यांनी कारण सांगितलं नव्हतं.

ता. क. ३. हे पत्र पुरं करून मी बॉलपेनचा खटका दाबून ते बंद केलं, तर आतल्या खोलीतून तुमचे बंधू म्हणाले, "डावी की उजवी?" तेव्हा सोक्षमोक्षाचं काय ते तुम्हीच ठरवा. (वरचं लिहायला पेन पुन्हा उघडावं लागलं. ते पाय पुढे करून बसले आहेत.)