वाडीतली इटालियन आणि मंडळाच्या फळ्या

गिरगाव, गणपतीच्या आधीचा रविवार

ती. नलूताईस,

धाकट्या मनमोहनचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता पुण्याचा जिना चढू देतो का, आणि भाऊजींची नवी कवळी अजून डबीतच असते का, ते कळव. आम्ही खुशाल. हे फोनवरही विचारता आलं असतं, पण आमच्याकडे कुजबुजलं तरी देविकाला स्वयंपाकघरात ऐकू जातं, म्हणून पत्र. (टाकायला तिच्याकडेच देतोय. दुसऱ्याचं पत्र ती उघडत नाही.)

विषय माझ्या इटालियन गाडीचा. निवृत्त झाल्यावर घेतली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मूळ किमतीच्या पाव भावात मिळाली. म्हटलं, याहून खाली काय उतरणार. ताई, उतरते. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याकडे इटालियन गाडी नसावी. बघायला येणारे पुष्कळ (वाडीतल्या प्रत्येक लग्नाळू मुलाचा फोटो तिला टेकूनच काढलेला आहे), पण घ्यायला आलेला माणूस सर्व्हिसचा खर्च ऐकला की चहा पिऊन जातो. उजवा आरसा फुटला म्हणून थेट इटलीहून मागवला, तर डावा आला. त्यात तिचं पोट जमिनीला इतकं टेकलेलं की वाडीच्या तोंडाशी गटारावर जो उंचवटा आहे तो तिला ओलांडवत नाही. अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या गाडीसाठी मंडळ तिथे फळ्या टाकतं, त्यावरूनच ती आत आली. आता बाहेर पडायलाही वर्षातून तीच एक पहाट, फळ्या पडल्यापासून रस्ते बंद होईपर्यंत. गेल्या वर्षी त्या पहाटे बॅटरी बसली, त्याआधी गिऱ्हाईकच झोपून राहिलं, आणि दर चतुर्दशीला भाव आणखी खाली. एरवी तशा फळ्या मुंबईत कुठे मिळत नाहीत, मी लालबागपर्यंत हिंडलो. देविका म्हणते, गाडी जाईल नाहीतर मी. यंदा परळचं एक गिऱ्हाईक नक्की झालंय. सुटलो एकदाचा.

तुझा,
मनमोहन

ता. क. भाऊजींना म्हणावं, देविकाला फोन करून पुण्याचे मोठे गाड्यांचे शौकीन असल्याचं भासवा, आणि ही गाडी पाच वर्षं ठेवली तर भाव चौपट होईल असं ठासून सांगा. मला ती विकायची नाही गं. तीत बसलो की बरं वाटतं.

ता. ता. क. वन्सं, देविकाचा नमस्कार. दुसऱ्याचं पत्र मी उघडत नाही, नवऱ्याचं उघडते. फळ्या मिळत नाहीत हे खोटं आहे. दोन आमच्या पलंगाखाली आहेत, पहिल्या वर्षापासून केर काढताना मीच त्या सरकवते. परळच्या गिऱ्हाइकाला मी कालच कळवलं की गाडी गेली. यांना सांगू नका. घरात हे पेपरात तोंड घालून बसतात, संध्याकाळी त्या गाडीत वडे घेऊन बसलो की माझ्याशी बोलतात. भाऊजींना फोन जरूर करू द्या. फक्त कवळी लावून करायला सांगा, नाहीतर मला हसू फुटेल आणि यांना सगळं कळेल.