क्लाइव्हनं काढून टाकलेलं पान

मंगळवार, ४ मार्च
एकसष्ट साइट्स, आणि सकाळच्या चहातच सगळ्या हातावेगळ्या! नेव्हिल अजून एकेक साइट उघडून बघत बसतो – काही नवं आलंय का, नाही आलं. नवऱ्याला शिकवायचं तरी किती? मी फीड रीडर लावलाय. कुणी काही नवं लिहिलं की तासाभरात माझ्या संगणकावर हजर. बागेचं, पक्ष्यांचं, पाव भाजण्याचं – आणि पार दक्षिणेच्या सिग्नेट गावाहून क्लाइव्हचं, होड्या बांधण्याचं.

क्लाइव्ह माझा धाकटा भाऊ. बाबांची होडी मला न विचारता विकली, तेव्हापासून सहा वर्षं बोलणं बंद. वाचणं बंद नाही! त्याला याचा पत्ताही नाही. त्याच्या दारात पाऊल न टाकता सगळी खबर मिळते, आणखी काय हवं?

शुक्रवार, ७ मार्च
क्लाइव्हचं नवं आलं. पाइनच्या फळ्या वाफेवर वाकवल्यात. एक फळी नीट बसलेली नाही, फोटोतसुद्धा दिसतंय. बाबांनी टपली मारली असती. तीनदा वाचलं.

बुधवार, १२ मार्च
सकाळी नऊला क्लाइव्हचं आलं. चारच ओळी. उजवा हात थरथरतो. होबार्टच्या डॉक्टरीणबाई पार्किन्सन म्हणाल्या. रंधा धरवत नाही. ही होडी अर्धीच राहणार.

फोटो असेल म्हणून त्याच्या साइटवर गेले – पानच नाही! काढून टाकलंय. पण रीडरनं एकदा उतरवून घेतलं की तिकडे पुसलं तरी माझ्याकडे राहतं. म्हणजे लिहिलं, पस्तावला, पुसलं. कुणाला कळू द्यायचं नाही त्याला. आणि मला कळून बसलंय. फार वाईट वाटतंय.

नेव्हिल म्हणाला, "फोन कर."
"काय सांगू? सहा वर्षं चोरून वाचतेय म्हणून?"
"मग नको करूस. बस वाचत."
हा माणूस नको तेव्हा बरोबर बोलतो.

गुरुवार, १३ मार्च
फोन उचलला, ठेवला. दोनदा. मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण बोट काही पुढे जाईना.

शनिवार, १५ मार्च
ठरलं. उद्या मीच जाते. नेव्हिल नको, तो गाडीत सल्ले देतो. शिंपल्यांचं सारण भरलेले स्कॅलप-पाय भाजून डब्यात भरलेत, क्लाइव्हला आवडतात. वाचल्याचं अवाक्षर काढायचं नाही. "इकडून जात होते, म्हटलं डोकावावं," एवढंच. आमच्या लाँसेस्टनहून तीन तास, आणि म्हणे इकडून जात होते! असू दे. मी म्हटलं की खपतं.

रविवार, १६ मार्च, सिग्नेट
मी तोंड उघडायच्या आत क्लाइव्ह म्हणाला, "चार दिवस लावलेस गं!"

साइटवर कोण येऊन गेलं याच्या नोंदीत त्याला सहा वर्षं दिसतंय – लाँसेस्टनचा एक रीडर तासातासाला डोकावून जातो. "एवढं चोंबडं दुसरं कोण असणार?"

बुधवारी तो रीडर येऊन जाईपर्यंत त्यानं पान ठेवलं. मग काढलं. बाकी कुणाला सांगायचंच नव्हतं.