अर्ध्या किलोचा जोर

टेक्सास, १२ जुलै २००९

तीर्थरूप बाबांना प्रेरणाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं इंजिन जोर किती लावतं, असं फोनवर विचारलंत. हसू नका, अर्धा किलो. दुकानातलं वजन तळहातावर ठेवा, तेवढाच. आम्ही वायू लाखो अंश तापवतो. कोणताच धातू तो सोसणार नाही, म्हणून चुंबकांनी अधांतरी धरून मागे सोडतो. हे सगळं हवा काढून घेतलेल्या मोठ्या टाकीत चालतं. पण अवकाशात अडवणारं कोणी नाही. हाच हलका जोर महिनोन्‌महिने लागत राहिला, की यान मंगळाकडे निघतं. डोळे मिटले की मला ते जातानाच दिसतं.

सप्टेंबरअखेर पूर्ण शक्तीची चाचणी आहे. नाही जमलं तर आमचा गट मोडेल आणि मी सेलूला परत येईन.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
प्रेरणा

सेलू, २ ऑगस्ट २००९

चि. प्रेरणास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर बोलता येत नाही, बाबा शेजारीच उभे असतात. तुझं पत्र आल्यापासून गिऱ्हाइकाला गुरांची ढेप द्यायची सोडून ते वजन हातावर घेऊन बसतात. ढेप न्यायला आलेला मोतीलाल गवळी म्हणाला, शेटजी, एवढ्या जोरानं तर माही म्हैस शेपूटही नाई हालवत.

दुकानावरच्या खोलीतून त्यांनी सरकीची पोती हलवली, चुना मारला, खिडकीशी टेबल लावलं. काऊन म्हणून विचारलं, तर म्हणे, पोरगी येऊन राह्यली ना. चाचणी अजून व्हायची आहे म्हटलं, तर टेबल पुसायला लागले. केळझरच्या गणपतीला मी तुझ्या यशाचा नवस बोलले. शेजारी उभं राहून त्यांनी काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

तू मलाही घरी हवीच आहेस. पण आमच्यासाठी हात आखडता घेशील, तर माझ्याशी गाठ आहे.

वेळेवर जेवत जा, एवढंच मागणारी,
तुझी आई, प्रमिला

टेक्सास, ३ ऑक्टोबर २००९

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

जमलं. काचेतून जांभळट निळी ज्योत पाहिली. किती वेळ पाहत होते, कोण जाणे. सगळे मिठ्या मारत होते आणि मला रडू आलं. आनंद होताच, पण चुना मारलेली खोली डोळ्यांपुढून हलेना. काम आणखी पाच वर्षं चालणार आहे. बाबा, मी राहू का? नाही म्हणालात तर येईन, रागावणार नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
प्रेरणा

सेलू, २० ऑक्टोबर २००९

चि. प्रेरणास आशीर्वाद.

तुझ्या आईनं केलेली खोलीची चुगली खरी आहे. अन् केळझरच्या गणपतीला मी हात जोडून म्हटलं होतं, देवा, ते इंजिन पेटू देऊ नको, माह्या पोरीले घरी पाठव. बापानं असं मागू नये. देवानं ऐकलं नाही ते बरं झालं. तरी तुझं पत्र वाचल्यावर दिवसभर वजन करताना चुकत राहिलो.

एवढी शिकलीस, अन् राहू का म्हणून मलाच विचारतेस. राहा. तुझ्याविना करमत नाही, त्याला इलाज नाही. पण एवढ्या कष्टानं पेटवलंस, आता विझू देऊ नकोस.

माया आहे तेवढीच आहे, खातरी करायले एखाद्या दिवाळीत येजो.

तुझा बाबा,
प्रभाकर