नव्या कटरची लांबी

१७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल असं धरून चालते. इकडे थंडी पडायला लागली आहे. खालच्या मजल्यावरच्यांनी नवा दरवाजा बसवला, तो लावला की अख्खी इमारत हादरते. बाकी ठीक.

तुझी दोन पत्रं आली. दोन्हीत तू विचारलंस, मशीन काय म्हणतंय, आणि दोन्ही वेळा मी तुला हवापाणी कळवलं. आज त्याच्यावर निभणार नाही. रविवारी मास्तर तुझ्याकडे येणार आहेत. तीस वर्षं शेजारच्या मशीनवर उभा होतास त्यांच्या, तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. ते काही बोलणार नाहीत. म्हणून मीच लिहिते. हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचायला लावू नकोस. चष्मा शोध आणि स्वतः वाच.

अकरा वर्षं खोक्यांना पट्ट्या मारणाऱ्या बाईला कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन शिकवायचं, हे मास्तरांनी केवळ तुझ्या शब्दाखातर कबूल केलं. बाकीचे तोंडावर हसले. पहिला महिना त्यांनी मला बटणाला हात लावू दिला नाही. मागच्या आवारात उभं करून मलाच मशीन बनवलं. ‘एक्स चार’ म्हटलं की उजवीकडे चार पावलं, ‘वाय उणे दोन’ म्हटलं की मागे दोन. एकदा ‘वाय सहा’ म्हणाले आणि चौथ्या पावलाला भिंत आली. मी थांबले, तर म्हणतात, “थांबायला कोणी सांगितलं? मशीनला डोळे नसतात बाई. भिंत तू बघायची, तीही प्रोग्राम लिहितानाच.” मी नाक भिंतीला टेकवून उभी राहिले. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

आणि मला यायला लागलं होतं, दादा. लोखंडी ठोकळ्यात खाच पाडायचा बेचाळीस ओळींचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला. वीस ठोकळे बरोबर मापात निघाले. मग डोक्यात हवा गेली.

त्या दिवशी मास्तर जेवायला गेले होते. कटर बोथट झाला होता, तो मी बदलला. प्रत्येक कटरची लांबी मोजून तो आकडा मशीनला द्यावा लागतो, त्यावरच ते किती खाली यायचं ते ठरवतं. नवा कटर जुन्यापेक्षा अंगठाभर लांब होता. मी कटर बदलला आणि आकडा जुनाच ठेवला. कटर बदलल्यावर पहिली फेरी ठोकळ्याच्या वर, हवेत चालवून बघायची, हा मास्तरांचा नियमही गुंडाळून ठेवला, कारण साहेब पाहुण्यांना घेऊन येत होते आणि मला ऐटीत मशीन चालवताना दिसायचं होतं. हिरवं बटण दाबलं. कटर भरधाव खाली आला आणि ठोकळा पकडून ठेवणाऱ्या वाइसमध्येच घुसला. आवाज ऐकून पॅकिंगमधल्या बायका धावत आल्या. कटर फिरवणारं स्पिंडलच गेलं. मशीन तीन आठवडे बंद.

साहेबांनी विचारलं, “लांबी कोणी मोजली होती?”

मास्तर नुकतेच हात धुऊन आले होते, बोटांवरून पाणी गळत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “जेवायला जाताना कटर मीच बदलला, साहेब. आकडा भरायचा राहिला.”

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. हे मी आत्ता लिहिलं तेही खोटंच. निघाला नाही असं नाही, मी काढला नाही. मला परत पॅकिंगला जायचं नव्हतं. एवढंच कारण आहे, उगाच दुसरं शोधू नकोस.

वय झालं, लक्ष राहत नाही, असं म्हणून त्यांना घरी बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

आठ दिवसांनी मी त्यांच्या खोलीवर गेले. ते दोरीवर कपडे वाळत घालत होते. मी म्हटलं, साहेबांना खरं सांगून टाकते. तर म्हणाले, “आता सांगितलंस तर मी खोटारडा ठरेन आणि तू बिनकामाची. एकावर निभलं ना, मग झालं. आणि दादाच्या कानावर घालू नकोस.” आतून काकू म्हणाल्या, “मशीनच्या कटरना असतात तसे घरातल्या सगळ्या डब्यांना नंबर घातलेत यांनी. मीठ सात नंबरला आहे.” मास्तर हसले. मला हसता आलं नाही, आणि मी तिथून निघाले.

काल मशीन पुन्हा सुरू झालं. ते चालवणारी आता मी एकटीच, म्हणून साहेबांनी मला बोलावून पक्कं केलं. एक फॉर्म पुढे ठेवला. त्यात एक रकाना होता, प्रशिक्षण कोणी दिलं. मी मास्तरांचं नाव लिहायला घेतलं, तसे साहेब म्हणाले, “ते नको. त्यांचं नाव बघून वरचे प्रश्न विचारतील. तुझं तूच शिकलीस असं लिही.”

पेन माझ्या हातात होतं, दादा. कोणी दटावलं नाही, धमकावलं नाही. मी लिहिलं. अक्षरसुद्धा चांगलं आलं.

रविवारी ते तुझ्यापाशी माझं कौतुक करतील. तू ऐकून घे. मला मात्र असं लिहू नकोस की चुका सगळ्यांकडून होतात. कटरची चूक होती, फॉर्मवरची चूक नव्हती.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
कागदोपत्री आपली आपण शिकलेली बहीण